दगडाच्या लाह्या

लातूर जिल्हा झाला त्या दिवसांत गावात सगळ्यांत जास्त काम पाट्या रंगवणाऱ्यांना होतं. कालपर्यंत जिथं आडत होती तिथं आज एखादं जिल्हा कार्यालय, जिथं लॉज होतं तिथं दुसरं. पूर्वी एका सहीसाठी उस्मानाबादला खेटे घालणारी माणसं आता नुसती हापिसं बघायला यायची. इमारती नव्हत्या, म्हणून मिळेल ते घर सरकार भाड्यानं घेत होतं. बायकांच्या दवाखान्यालाही अशीच घाईत बांधलेली एक दुमजली इमारत मिळाली. खाली तपासणी, वर बाळंतिणींचा वॉर्ड. माझी माय त्या वॉर्डात आया होती.

वडील रेणापूरच्या शाळेत शिपाई. ते तिथंच राहायचे, शनिवारी यायचे. मी नांदेडला बी.एस्सी. केलं होतं, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर मुलगी म्हणून वडिलांनी बुद्धविहारात सगळ्यांना पेढे वाटले होते. नोकरी मात्र सरकारी मिळाली नाही. मिळाली ती लातूरच्या एका तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत. गिरणीत करडईचं तेल निघायचं, शुद्ध व्हायचं. मी त्याचा रंग बघायचे, आम्लता मोजायचे. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक काटा, राख काढायची विजेची छोटी भट्टी आणि तेलानं चिकट झालेल्या बाटल्यांची रांग.

गिरणीचे मालक साठीचे होते. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरं धोतर, शिवपूजा झाल्याशिवाय पाणीही न पिणारे. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, मीही. कामावर घेताना त्यांनी एकच विचारलं होतं, "तेलाच्या वासानं डोकं दुखतं का तुझं?" मी नाही म्हणाले. "मग झालं," म्हणाले.

त्या गिरणीतच मी पर्लाइट पहिल्यांदा पाहिलं.

तेल गाळायच्या यंत्रात कापडाचे पडदे असतात. नुसत्या कापडातून तेल गाळलं की गाळ कापडाच्या छिद्रांत बसतो आणि थोड्याच वेळात तेल यायचं थांबतं. म्हणून आधी तेलात पर्लाइटची पांढरी पूड कालवून कापडावर तिचा थर बसवायचा. ती पूड गाळ अडवते आणि तेलाला वाट मोकळी ठेवते. मग नळीतून येणारं तेल असं नितळ की पलीकडची भिंत दिसावी. ही पूड गुजरातेतून यायची. पोती उशीसारखी फुगलेली. नवा हमाल आला की जुने त्याला मुद्दाम तेच पोतं उचलायला लावत. तो बिचारा पाय रोवून, दम भरून पोत्याला हात घालायचा आणि पोतं फुलासारखं वर येऊन तो मागच्या मागं बसायचा. सगळी गिरणी हसायची.

त्या वर्षी हसण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. गल्लीत टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या. रेणापूरकडची, औशाकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्यांतल्याच बाया दिवस भरले की मायच्या दवाखान्यात यायच्या. चैतापासून तो वॉर्ड तापायला लागला. भाड्याच्या त्या इमारतीचा स्लॅब पातळ होता, आणि खाटेवर उभं राहिलं तर हात लागेल एवढा बुटका. दिवसभर ऊन पिऊन तो दुपारनंतर खाली आग सोडायचा. खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते, पण त्यांच्यावर मारायला पाणी कुठलं? प्यायलाच पुरत नव्हतं.

माय घरी आली की आधी उंबऱ्यावरच बसायची.

"वरून आग न् खालून आग," ती एकदा म्हणाली. "मोठी माणसं कशीबशी काढतेत. लेकरं कोमेजून राहिलीत ग. त्यांना घाम बी येईना न् बोलता बी येईना."

वॉर्डात तेव्हा एक अपुऱ्या दिवसांची मुलगी होती. खडीच्या कामावरून थेट आणलेल्या एका बाईची. पोरगी एवढीशी, मायच्या ओंजळीत मावेल अशी. तिला दुपारी अंगात ताप भरायचा. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, हा आजाराचा ताप नाही, छताचा आहे. माय दुपारभर तिला घेऊन खालच्या जिन्याखाली बसायची, कारण इमारतीत तेवढीच एक जागा गार होती.

"आपल्या रेणापूरच्या घरात कधी असं झालंय का?" माय म्हणाली. "माळवदावर पांढरी माती हाय, म्हणून. इथं बी टाका म्हणलं मी बाईंना. तर ते इंजिनेर म्हणले, स्लॅब पातळ हाय, मातीचं वजन झेपायचं न्हाई."

आमच्याकडं जुन्या घरांवर लाकडाची माळवदं असतात आणि त्यांच्यावर हातभर पांढरी माती. बाहेर पाखरं पडतील एवढं ऊन असलं तरी माळवदाखाली माणूस निवांत झोपतो. मायचं म्हणणं खरं होतं आणि इंजिनिअरचंही खरं होतं. माती हवी, पण वजन नको. मी भाकरी थापत होते. थापता थापता हात थांबला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत जाऊन मी त्या पांढऱ्या पुडीचं एक पोतं एका हातानं उचलून पाहिलं. मग कॉलेजात वाचलेलं आठवायचा प्रयत्न केला. पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीतून आलेली काच. लाव्हा एकदम निवला की त्याचा दगड न होता काच होते, आणि तिच्या अंगात थोडंसं पाणी अडकून राहतं. आपल्या पायाखालचा काळा पाषाणही ज्वालामुखीतलाच, पण तो सावकाश निवला, म्हणून घट्ट झाला. ही काच कुटून चटकन मोठ्या आंचेत टाकली की आतल्या पाण्याची वाफ होते, काच मऊ पडते आणि कण कितीतरी पट फुगतो. कण आत सगळा पोकळ, बारीक बारीक कोठड्यांचा. त्या कोठड्यांत हवा कोंडलेली. कोंडलेली हवा उष्णतेला वाट देत नाही.

मी थोडी पूड मागून घेतली, सिमेंट आणलं आणि अंगणात एक वीट पाडली. पुडीनं पाणी पीत पीत सगळी बादली संपवली. वीट वाळली तशी मधोमध तडकली. उचलायला गेले तर हातात तिचे चार तुकडे.

नांदेडला माझी कॉलेजातली मैत्रीण होती. तिनं सांगितलं, विष्णुपुरीला नवं इंजिनिअरिंग कॉलेज झालंय, तिथं सिमेंटच्या विटा दाबून बघायचं यंत्र आहे. एका सुट्टीच्या दिवशी विटेचे तुकडे पिशवीत घालून मी एस.टी.नं नांदेड गाठलं. विष्णुपुरीला तेव्हा गोदावरीवर धरणाचं काम चालू होतं. दुष्काळातही तिथं यंत्रं धडधडत होती, माणसं हातोहात पाट्या देत होती. लातूरहून आलेल्या मला एवढं पाणी एका जागी बघूनच बरं वाटलं.

तिथले सर तरुण होते, माझ्याहून थोडेसेच मोठे. त्यांनी तुकडा हातात घेतला, फुंकर मारली.

"ही गाळायची पूड आहे ना?"

"हो."

"मग तडकणारच. गाळायसाठी फुगलेले कण मुद्दाम दळून बारीक करतात. त्यातल्या पोकळ्या फुटून गेलेल्या असतात. तुम्हाला न दळलेले कण पाहिजेत, साबुदाण्याएवढे." त्यांनी कागदावर मिश्रण लिहून दिलं आणि बजावलं, "हे वजन पेलणार नाही हं. भिंतीला, खांबाला चालणार नाही. पण छतावर नुसतं पसरून वर सिमेंटचा पातळ कोबा केला तर चालेल. आणि एक, कालवताना रगडायचं नाही. आधी सिमेंट पाण्यात कालवा, मग कण त्यात टाका, हलक्या हातानं परता."

"पोह्यांसारखं," मी म्हणाले.

"अगदी," ते हसले. "वीट झाली की परत आणा. मलाही बघायचीय."

साबुदाण्याएवढे कण आणायचे तर अप्पांना सांगणं भाग होतं. मी धीर करून त्यांच्या खोलीत गेले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी गुजरातेत ट्रंककॉल लावायला सांगितला. पलीकडचा माणूस मोठ्या आवाजात हिंदी बोलत होता. त्यांच्याकडं तो मोठा दाणा होता. शीतगृहांच्या भिंतीत भरायला जायचा, कुठं रोपवाटिकेत मातीत मिसळायला जायचा. पुढच्या मालाबरोबर नमुना पाठवतो म्हणाला. अप्पा फोन ठेवून माझ्याकडं वळले.

"पोरी, हे सगळं कशापायी करून राहिलीस तू?"

मी वॉर्डाचं सांगितलं.

नमुन्याच्या पोत्यासोबत त्या माणसानं न भाजलेल्या दगडाचीही पुडी पाठवली होती. राखाडी, मोत्यासारखी चमक असलेली खडी. मी राख काढायची भट्टी लालबुंद तापवली, वाळूएवढे चार-दोन कण चिमट्यातल्या वाटीत घेतले आणि वाटी आत ठेवली. अप्पांना बोलावलं होतं. ते दारातच उभे राहिले, एक हात नाकाशी धरून. वाटी बाहेर काढली तेव्हा राखाडी कण गायब होते. त्यांच्या जागी पांढरे, फुगलेले, कापसासारखे दाणे.

"आरे शंकरा!" अप्पा पुढं आले. "ह्या तर लाह्या झाल्या दगडाच्या! पंचमीला ज्वारीच्या करतात तशा."

"तसंच आहे अप्पा. ज्वारीच्या दाण्यातही पाणीच असतं, त्याचीच वाफ होते."

त्यांनी निवलेला एक दाणा तळहातावर घेतला, फुंकला. तो उडून गेला. मग धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "पण लाह्यांनी ऊन अडेल, हे मला पटलं न्हाई अजून."

त्यांना पटवायला मी दोन रिकामे तेलाचे डबे घेतले, बाजूंना गोणपाट गुंडाळलं आणि गिरणीच्या गच्चीवर उन्हात उपडे ठेवले. एकावर नुसतं पातळ सिमेंट. दुसऱ्यावर चार बोटं जाडीचा पर्लाइटचा थर, पंधरवडाभर आधी पाडून पूर्ण वाळवलेला. दोन्ही डब्यांखाली एकेक मेणबत्ती उभी करून ठेवली. दुपार टळल्यावर अप्पांना वर नेलं. पहिला डबा उचलला तर मेणबत्ती मान टाकून आडवी झाली होती. दुसऱ्यातली ताठ उभी.

अप्पांनी उकिडवं बसून दोन्ही मेणबत्त्या बोटांनी चाचपल्या.

"माझ्या हापिसाच्या छताला आधी टाक," ते म्हणाले.

"आधी वॉर्डाला, अप्पा."

"मालक कोण इथं?"

"तुम्हीच. म्हणून तर तुम्हाला विचारून राहिले."

ते मोठ्यानं हसले. गिरणीत इतकं मोकळं हसताना मी त्यांना तोवर कधी पाहिलं नव्हतं. "बरं," ते उठता उठता म्हणाले, "माल मी मागवतो. तुझ्या बाईंना जाऊन सांग, गिरणीकडून भेट म्हणून. पण काम नीट झालं पाह्यजे. लोकांनी म्हणू नये की तेलवाल्यानं दवाखान्यावर भुसा टाकला."

डॉक्टरीणबाईंनी आनंदानं परवानगी काढली. इमारतीच्या इंजिनिअरला मी मोठ्या दाण्यांची नवी वीट दाखवली. तिच्या जोडीची वीट मी विष्णुपुरीला नेली होती, सरांनी ती यंत्रात दाबून, तोलून पाहिली होती. इंजिनिअरनं एका हातावर साधी वीट घेतली, दुसऱ्यावर ही. दोन्ही हात खालीवर करून पाहिले. "ठेवा," म्हणाला, "हे एवढं झेपेल."

काम करायला मिस्त्री होता तो उदगीरकडचा. बोलता बोलता मध्येच कानडी बोलायचा. पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं फावड्यानं मिश्रण असं रगडलं की दाणे चिरडून त्याचा चिखल झाला. मी थांबवलं तर चिडला.

"ताई, मी मिशीला काळा रंग होता तवापासून सिमेंट कालवतो."

"सिमेंट कालवा मिस्त्री. पण हे सिमेंट नाही, लाह्या आहेत. लाह्या तुम्ही रगडता का?"

त्यानं एक दाणा चिमटीत दाबून बघितला. तो चुरला. "इल्ला," कानडीत नाही म्हणत तो स्वतःशीच पुटपुटला. मग फावडं टाकून हातांनीच परतायला लागला. दुपारपर्यंत आम्हा दोघांचाही हात बसला. किती पाणी घातलं की गोळा हातात राहतो आणि बोटांतून गळत नाही, हे आम्ही एकमेकांना दाखवून दाखवून शिकलो.

दुसऱ्या दिवशी वारं सुटलं. वैशाखातलं ते गरम, वेडंवाकडं वारं. कुणीतरी गच्चीवर दोन पोती तोंड उघडी ठेवली होती. बघता बघता पांढरा लोट उठला आणि सगळ्या गल्लीवर पसरला. पानाच्या टपरीवर, सायकलींवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर. खाली एकच गोंधळ. एक म्हातारे गृहस्थ आकाशाकडं बघत म्हणाले म्हणे, "दुष्काळात पाऊस न्हाई तर न्हाई, ह्यो काय पडून राह्यलाय?" आम्ही मिस्त्रीसकट खाली जाऊन लोकांच्या ओसऱ्या झाडून दिल्या. त्यानंतर पोतं फोडायच्या आधी त्यावर पाणी शिंपडायचं आणि सगळ्यांनी तोंडाला ओला रुमाल बांधायचा, असा नियम केला. ती धूळ छातीत जाणं चांगलं नव्हतंच.

पण शिंपडायला, कालवायला, थर भिजत ठेवायला पाणी आणायचं कुठून? दवाखान्याच्या टँकरमधलं एक तांब्याही घ्यायचा नाही, असं मायनं मला दरडावून सांगितलं होतं. गिरणीत वाफ निववणारं यंत्र होतं. त्याचं वापरलेलं पाणी मचूळ, पिण्यालायक नाही, पण रोज थोडं वाहून जायचं. त्यात तेलाचा अंश असता तर सिमेंट धरलं नसतं. माझं नेहमीचं कामच ते. मी ते पाणी तपासलं, निवलं तसं वर तेलाची साय येते का बघितलं, दोनदा बघितलं. स्वच्छ होतं. मग पिंपं भरून हातगाड्यावरून दवाखान्यात जायला लागली.

विष्णुपुरीच्या सरांनी एक गोष्ट आधीच सांगितली होती. नेहमीच्या कोब्यावर आळं करून दिवसचे दिवस पाणी भरून ठेवतात, तेवढं याला लागणार नाही. कालवताना दाणे जे पाणी पितात ते आपल्या कोठड्यांत साठवतात आणि सिमेंटला लागेल तसं हळूहळू देतात. आम्ही वर फक्त ओली गोणपाटं अंथरली. मिस्त्री रोज गोणपाटाचा कोपरा उचलून हात लावायचा आणि म्हणायचा, "वरून वाळलं, पर आत ओल हाय. लबाड हाय बेणं. पाणी लपवून ठिवतंय."

वॉर्ड रिकामा करता येत नव्हता, म्हणून अर्ध्या भागाचं काम करताना बाळंतिणी दुसऱ्या अर्ध्यात सरकवल्या. छतावर आमची पावलं, खाली बाळांचं रडणं. माय मधूनच जिन्यावरून डोकं काढून म्हणायची, "हळू चाला जरा, आत्ताच निजलंय येक."

सगळं छत झालं. आणि वॉर्ड गार झाला नाही.

मी रोज गिरणी सुटली की वॉर्डात जायचे, भिंतीवरचा तापमापक बघायचे. पारा खाली यायला तयार नव्हता. आठवडा गेला. दवाखान्यातला एक कारकून येता-जाता विचारायचा, "काय, लाह्या फुटल्या का?" अप्पा काही विचारत नव्हते, ते जास्त जड जात होतं. माय एवढंच म्हणाली, "वाट बघ. येवढं केलंस, आता वाट बघ." ती छोटी मुलगी अजून वॉर्डातच होती. वजन धरत नव्हती. माय अजून तिला घेऊन जिन्याखालीच बसत होती.

मी पुन्हा विष्णुपुरीला गेले. सरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "छत वाळलं का पण?"

"वर ओली गोणपाटं आहेत अजून," मी म्हणाले.

"अहो, ऊन अडवते ती कोंडलेली हवा. तुमच्या दाण्यांच्या पोकळ्यांत आत्ता हवा नाही, पाणी आहे. ओली गोधडी अंगावर घेतली तर ऊब येते का? तसंच. गोणपाटं काढा. वरचा कोबा करायची घाई करू नका. वाळू द्या पूर्ण."

माझ्या डब्यांच्या प्रयोगात थर आधीच वाळलेला होता, म्हणून हे लक्षातच आलं नव्हतं. परतताना एस.टी.त खिडकीशी बसून मी आयुष्यात पहिल्यांदा त्या उन्हाला मनातल्या मनात म्हणाले, तापा अजून, खुशाल तापा.

आम्ही गोणपाटं काढली. लातूरच्या उन्हाला जे एक काम उत्तम येतं ते त्यानं चोख केलं. थराचा रंग रोज फिका होत गेला. राखाडीचा पांढरट, पांढरटाचा पांढरा. मिस्त्री येऊन टिचकी मारून बघायचा. आधी आवाज बद्द यायचा, मग हळूहळू कोरडा, पोकळ यायला लागला. "आता झालं," तो म्हणाला त्या दिवशी आम्ही वर पातळ कोबा केला, पाणी वाहून जायला पन्हाळीकडं उतार दिला आणि चुन्याचा हात फिरवला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मायचा डबा घरीच राहिला. दुपारच्या सुट्टीत मी तो घेऊन दवाखान्यात गेले. बाहेर डांबर वितळत होतं, चप्पल चिकटत होती. जिन्याखाली माय दिसली नाही. माझ्या मनात भलतंच आलं. धावत वर गेले.

वॉर्डात शिरले आणि आधी वाटलं, कानांत दडे बसलेत. कुणी रडत नव्हतं. बाळंतिणी कुशीवर झोपल्या होत्या. डॉक्टरीणबाई टेबलाशी लिहीत बसल्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवून कोपऱ्याकडं खूण केली. कोपऱ्यात भिंतीला टेकून माय बसल्या बसल्या झोपली होती, तोंड किंचित उघडं. तिच्या मांडीवर ती छोटी मुलगी, मूठ तोंडात घालून, तीही झोपलेली. मी वर हात करून छताचा अंदाज घेतला. पूर्वी खाटेवर उभं राहून छताला हात लावला तर चटका बसायचा. हळूच खाटेवर चढून मी स्लॅबला तळहात टेकवला. कोमट होता. नुसता कोमट, सकाळच्या उन्हातल्या पायरीसारखा.

तापमापकही मग पाहिला, पण त्याची तशी गरज उरली नव्हती.

मायला उठवलं नाही. डबा तिच्याशेजारी ठेवून गिरणीत गेले आणि अप्पांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः आले. बाळंतिणींच्या वॉर्डात पुरुषमाणसानं जायचं नाही म्हणून दारातच खुर्ची टाकून बसले. मायनं त्यांना पाणी दिलं. ते आमच्या हातचं घेतील की नाही, असं क्षणभर माझ्या मनात येऊन गेलं. त्यांनी तांब्या वर करून घटघट पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि मायला म्हणाले, "बाई, तुमची पोरगी लई हट्टी हाय."

"हाव," माय म्हणाली, "माझ्यावरच गेलीय."

छोटी मुलगी वजन धरायला लागली. उन्हाळा सरायच्या आधी तिची आई तिला घेऊन घरी गेली. जाताना तिनं डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला वाकायच्या आधी मायच्या गळ्यात पडून घेतलं. मुलीच्या बापानं गावाकडून आणलेली चिंच आम्हा सगळ्यांना वाटली. त्या दुष्काळात त्यांच्याकडं देण्यासारखं तेवढंच होतं, आणि ती चिंच फार गोड होती.

अप्पांच्या हापिसाचं छतही झालं, आधीच्या अनुभवानं दुपटीनं लवकर. मग रेणापूरच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा निरोप आला, मग एका बालवाडीचा. मिस्त्रीनं ते काम स्वतःच अंगावर घेतलं आणि उदगीरच्या बाजूलाही करायला लागला. नवा माणूस कामाला आला की तो त्याला आधी चिमटीत दाणा चुरायला लावायचा. विष्णुपुरीचे सर पुढं त्यांच्या कॉलेजातल्या मुलांना घेऊन वॉर्डाचं छत दाखवायला आले. त्यांनीच मला पुढं शिकायचं सुचवलं. मी गिरणी सोडून नांदेडला गेले, शिकले, आणि नंतर कितीतरी वर्षं तिथल्या पोरापोरींना खनिजांचं रसायनशास्त्र शिकवलं.

उरलेली अर्धी गोणी माय रेणापूरला घेऊन गेली होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं की हे मातीत मिसळलं की ओल धरून ठेवतं आणि माती घट्ट बसत नाही. तिनं फुटक्या घागरींच्या बुडात मिरचीची रोपं लावली, निम्मी माती आणि निम्मे हे दाणे. धुण्याचं उरलेलं पाणी एक दिवसाआड घालायची. मी सुट्टीला गेले तेव्हा ओसरीवर त्या खापरांची रांग होती आणि रोपांना पांढरी फुलं धरली होती. शेजारणी रोपं मागायला येत होत्या. माय प्रत्येकीला मुळांसकट उपटून, सोबत मूठभर दाणे देत होती आणि समजावत होती, "ह्ये दगड हायत बरं का बाई, भुसा न्हाई. टाकून देऊ नगस. माती बदलली तर धुवून परत वापर."